नदीपलीकडे सोडलेला भुंग्या

नदीकाठी एक होतं गाव. त्या गावात एक रीत होती, आणि रीतीला ‘का’ विचारायचं नाही, असं सगळी मोठी माणसं सांगायची. म्हाताऱ्या माणसाला जनावर सांभाळवेनासं झालं, की गळ्यातली दोरी सोडून ते नावेतून पैलतीरावर नेऊन सोडायचं. आणि परतताना मागे वळून बघायचं नाही.

तर काय झालं, बरं का, ठकूमावशींचे गुडघे गेले. भुंग्यापुढे वाकून पाणीसुद्धा ठेवता येईना. भुंग्या म्हणजे त्यांचा कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला.

गावचे कारभारी शेजारच्या सगुणाला म्हणाले, “पोरी, आज ह्याला पलीकडे न्यायची तुझी पाळी.”

“मीच सांभाळते की त्याला!”

“म्हाताऱ्याच्या घरचं जनावर दुसऱ्या दारी लाभत नाही. जास्त बोलू नकोस.”

मावशींनी दोरी सोडली. म्हणाल्या, “सगुणे, ह्याला भाकरी ताकात कुस्करून लागते हो.” आणि तिथेच त्यांचा आवाज गेला. ओठ हलले, शब्द काही येईना.

मग नाव निघाली. भुंग्या शेपूट हलवत बसला. त्याला वाटलं, फिरायला चाललोय! सगुणाने त्याला उतरवलं आणि ती परत फिरली. एक वल्हं मारलं. दुसरं मारलं. तिसऱ्याला तिने मागे वळून बघितलंच.

काठावर एक लंगडी शेळी आली. कोंडाजीआजोबांच्या आवाजात म्हणाली, “चहात साखर घाल की गं जरा!” कोंडाजीआजोबा तर ही शेळी सोडल्यापासून तीन वर्षं मुके होते. गाव म्हणे, वय झालं. मग आलं एक मांजर. सोनारांच्या आजीच्या आवाजात म्हणालं, “दाराला कडी घातली का?” त्या आजीही मुक्याच. आणि मग भुंग्याने तोंड उघडलं. “सगुणे, ताकात कुस्करून हो.”

मग सगुणाने काय केलं? नाव परत वळवली आणि तिघांनाही आत घेतलं. नाव इतकी खचली, की पाणी तिच्या कडेला लागलं.

अलीकडे घाटावर कारभारी घोडा धरून उभे, मागे सारं गाव. “उतरवू नकोस!”

तोवर शेळीने उडी मारलीच. कोंडाजीआजोबांच्या मांडीत डोकं खुपसलं.

“आलीस होय, भवाने!” आजोबा म्हणाले. स्वतःच्या तोंडाने! शेळी नुसतं “बें” म्हणाली. मग सोनारांची आजी बोलली, मग ठकूमावशी. कुंभारणीने पुढे होऊन शेळी सांभाळायला मागितली, कोष्ट्याच्या सुनेने मांजर उचललं.

“रीत मोडलीस,” कारभारी गरजले. “उद्या तिघांना परत सोडून ये.”

“नाही सोडणार,” सगुणा म्हणाली. “भुंग्या माझ्या घरी राहील आणि रोज मावशींना भेटेल. शेळी, मांजरही तसंच. आणि कारभारी, हा तुमचा घोडा. उद्या तुमचेही गुडघे जातील. तेव्हा ह्याला पलीकडे न्यायचं का, ते आत्ताच सांगा.”

कारभाऱ्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, “नाव बांधून ठेव, उद्या कुणी पलीकडे जाणार नाही.”

आणि त्या रात्री सगुणाच्या दारात भुंग्या ताकातली भाकरी चाटत बसला. मिटा आता डोळे, पोरांनो.