पिशवीत वर कोण?

सामानालाही मानपान कळायचा, त्या काळातली गोष्ट. मंदाकिनी नर्सिंग शिकायला निघाली. तिने नवी पिशवी आणली, सामान भरलं, आणि आत वर कोण बसणार यावरून जुंपली.

"मला वर राहू द्या," साबण म्हणाला. "हात धुतल्याशिवाय तुम्हाला कुणी शिवायचं नसतं."

"न्हाणीघरातला तू, आणि आमच्या डोक्यावर बसणार?" कात्री कडाडली. "बाळाची नाळ मी कापते, मी!"

"बरोबर आहे, ताईसाहेब," चिमटा म्हणाला. सगळ्यांनी मिळून साबणाला तळाशी ढकललं.

पुढे मंदाकिनी सिस्टरबाईंबरोबर एका बाळंतिणीच्या घरी गेली. बाळ नुकतंच जन्मलं होतं.

"हात धू आणि कात्री दे!" सिस्टरबाई म्हणाल्या.

मंदाकिनीने साबणासाठी पिशवीत हात घातला. तो कात्रीला लागला, चिमट्याला लागला, कापसात रुतला, तेव्हा कुठे साबण सापडला.

"थांब! न धुतलेला हात सगळ्याला लागला," सिस्टरबाई गरजल्या. "कापूस फेक. कात्री, चिमटा उकळायला टाक."

चूल धुमसत होती. बाळ नाळेसकट रडत होतं.

"अरे, पाणी कधी उकळणार?" पातेल्यातून कात्री किंचाळली. "बाळ खोळंबलंय!"

"ताईसाहेब," शेजारून चिमटा म्हणाला, "तुमच्यासाठीच खोळंबलंय."