वेळूच्या बेटातला आवाज

त्या रानात कोणी कोणाच्या शब्दावर एक दाणाही देत नसे.

पूर्वी असं नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाला उंच सावरींवर करकोचे राहत आणि सगळ्या पक्ष्यांचं धान्य तेच सांभाळत. ज्याच्याकडे जास्तीचे दाणे होत तो ते करकोच्यांच्या ढोलीत नेऊन टाकी, ज्याला नड असे तो तिथून मागून आणी. कोणी कोणाला काय दिलं याबद्दल करकोचे म्हणतील ते खरं धरलं जाई. करकोचे धान्य खात नाहीत, म्हणून तर ते त्यांच्या हवाली केलं होतं. पुढे एका उन्हाळ्यात रान करपलं. पक्षी दाणे मागायला गेले तेव्हा ढोल्यांना कीड लागल्याचं करकोच्यांनी सांगितलं. ढोल्या खरोखरच रिकाम्या होत्या. पलीकडच्या रानात दाण्यांच्या बदल्यात मासे मिळतात हे सगळ्यांना मागाहून कळलं. तोवर त्या वर्षीची बरीच पिलं दगावली होती.

त्यानंतर शेजारचा पक्षी शेजाऱ्याकडे पाठ करून बसेनासा झाला.

अशा दिवसांत नदीकाठच्या वेळूच्या बेटातून एक आवाज ऐकू येऊ लागला. तो एकट्या टिटवीलाच ऐकू जाई, कारण तिची अंडी त्या बेटासमोरच्या वाळूतच असत. आवाज बारीक होता, पण बोलणं स्पष्ट होतं. धान्य सांभाळायला कोणी लागतच नाही, असं तो म्हणाला. कोणी कोणाला काय दिलं एवढंच सांभाळायचं, आणि तेही एकाने नव्हे, सगळ्यांनी. देणाऱ्याने पहाटे आपलं देणं मोठ्याने म्हणायचं. ते ऐकून शेजारच्या झाडाने म्हणायचं, मग त्याच्या पुढच्या झाडाने. सूर्य डोंगराच्या कडेवरून पुरता वर येईपर्यंत जेवढं गाऊन होईल तेवढं त्या दिवसाचं गाणं. एकदा गायलेली ओळ गळायची नाही, बदलायची नाही. जे सगळ्यांना पाठ आहे ते कोणाला खोटं करता येत नाही.

टिटवीला हे पटलं. तिने आपल्या वाट्याचा एक किडा बेटाच्या कडेला ठेवला आणि पहाटे म्हटलं, "टिटवीने दिलं, वेळूतल्याने घेतलं, सर्वांनी ऐकलं." त्या वेळी ऐकायला ते दोघंच होते. पण तिचं ऐकून हळूहळू शिंपी आला, होले आले, सुगरणी आल्या. वर्षभरात साऱ्या काठावर पहाटगाणं सुरू झालं. करकोचे सावरीवरून खाली बघत राहिले.

वेळूतल्याला कोणी पाहिलं नव्हतं. टिटवीने एकदा त्याला विचारलं, की आपण आहात तरी कोण. तो म्हणाला, "ते विचारू नकोस. मी कोण ते कळलं तर तू गाण्याऐवजी माझ्यावर विश्वास ठेवशील. मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल." हे बोलणं टिटवीने कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी आवाज बंद झाला. बेटात शिरून पाहिलं तर तिथे नुसता पाचोळा होता.

तो असेपर्यंत त्याच्याविषयी कोणी फारसं बोलत नसे. तो गेल्यावर मात्र दुसरा विषय राहिला नाही. कोणी म्हणे तो सोनेरी पंखांचा होता, कोणी म्हणे तो एक नव्हताच, चारपाच जण आळीपाळीने बोलत. काहींना तर तो करकोच्यांपैकीच एक वाटे, आणि सगळा रानाला फसवायचा डाव. सातभाईंचा थवा या बातम्या झाडोझाडी नेई. त्यांची रीत अशी होती की एकाने काही सांगितलं की बाकीचे सहा मान डोलावत, आणि ऐकणाऱ्याला ते सात तोंडांनी ऐकल्यासारखं वाटे.

गाणं सुरू करून देण्याचा मान टिटवीकडे राहिला, कारण पहिली ओळ तिची होती.

गाणं पसरलं तशी अडचण आली. डोंगरापलीकडचे पक्षी येऊन मिळाले, देणीघेणी वाढली, आणि सूर्य काही कोणासाठी थांबेना. ज्यांचा आवाज खणखणीत किंवा ज्यांची झाडं मोक्याची त्यांच्या ओळी गाण्यात येत, उरलेल्यांच्या उद्यावर जात. होल्यांच्या एका जोडप्याने पावसाळ्याआधी घरटं व्हावं म्हणून दाणे देऊन काटक्या ठरवल्या. त्यांची ओळ गाण्यात येईना, आणि ओळ आल्याशिवाय काटक्या द्यायला समोरचा तयार होईना. जोडपं रोज पहाटे घसा कोरडा होईपर्यंत ओरडत राहिलं. पाऊस आला तेव्हा घरटं अर्धंच होतं. अंडी खालच्या दगडांवर पडली. होली दिवसभर त्या दगडांपाशी बसून होती आणि होला तिला ऊठ म्हणत नव्हता.

हे पाहून भारद्वाज बोलायला उभा राहिला. भारद्वाज अंगाने भारी, आवाजाने घुमणारा, आणि दूरदूरच्या पक्ष्यांमध्ये ऊठबस असलेला. गाणं लांबवावं, असं त्याचं म्हणणं होतं. सूर्य झाडांच्या शेंड्यावर येईपर्यंत गावं, म्हणजे सगळ्यांच्या ओळी बसतील आणि अशी अंडी पडणार नाहीत.

शिंपी आडवा आला. शिंपी एवढासा, पण आल्या दिवसापासून त्याने एकही ओळ चुकवली नव्हती. त्याचं म्हणणं असं, की लांब गाणं मोठ्या छातीच्यांना जमेल. लहानांना पहाटेच किडे टिपावे लागतात. ते अर्ध्यावर उठतील, उरलेलं विसरतील, आणि काही वर्षांनी गाणं फक्त भारद्वाजांना पाठ असेल. मग त्यांच्यात आणि करकोच्यांत फरक काय राहिला?

दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि सुरुवातीला दोघांनाही ते ठाऊक होतं. उंबराखाली सभा भरत, तासन् तास बोलणी होत, आणि संध्याकाळी शिंपी आणि भारद्वाज एकाच डबक्यावर पाणी पीत.

पण सभा संपली की कोण कोणाशेजारी बसला होता हे सातभाई बघत. लांब गाण्याने भारद्वाजाचाच फायदा कसा आहे, हे शिंप्याच्या झाडावर सांगितलं जाऊ लागलं. शिंप्याला ओळी अडलेल्याच हव्या आहेत, कारण अडलेल्यांची ओळ गाण्यात घुसवून देण्याबद्दल तो पानं घेतो, असं भारद्वाजाच्या झाडावर. याला पुरावा नव्हता. पण शिंप्याचं घरटं पानं शिवूनच केलेलं असतं, त्यामुळे पानं सगळ्यांना दिसत होती. थोड्या दिवसांनी शिंप्याच्या झाडावर 'लांब' हा शब्द काढणाऱ्याला चोचीने उठवून लावू लागले. भारद्वाजाची माणसंही, म्हणजे त्याचे पक्षी, काही कमी नव्हते. शिंप्याच्या बाजूचा कोणी ओळ म्हणू लागला की ते मुद्दाम मोठ्याने घसा खाकरत.

या सगळ्यात टिटवी कोणाच्याच बाजूची नव्हती, आणि हेच तिला भोवलं. एक दिवस दुपारी एक तरुण करकोचा वाळूवर उतरला आणि त्याने तिला, हे गाणं नेमकं चालतं कसं, असं नम्रपणे विचारलं. टिटवीने सांगितलं. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट लपवण्यासारखी तिला वाटली नाही. सातभाईंनी ते दुरून पाहिलं. संध्याकाळपर्यंत तिच्या अंड्यांजवळ माशाचा खवला सापडल्याची बातमी झाली. नदीच्या वाळूत माशाचे खवले पडलेलेच असतात, पण ते कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तिने गाणं सुरू करायला चोच उघडली तेव्हा शिंपी आणि भारद्वाज दोघांनीही आपापल्या झाडावरून तिच्या आधीच सुरुवात केली. बऱ्याच दिवसांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट होती.

त्या दिवसापासून टिटवी वाळूतून हलेनाशी झाली. कोणी जवळून गेलं तरी ती अंड्यांवर पंख पसरी.

अखेर भारद्वाजाने जाहीर केलं, की आता त्याचे पक्षी नदी ओलांडून पैलतीरावर जातील आणि आपलं गाणं आपल्याला हवं तेवढं गातील. त्या दुपारी उंबराखाली शेवटची सभा भरली. कोण जातो आणि कोण राहतो हे पाहायला सगळे जमले होते. टिटवीही कडेला येऊन उभी राहिली.

तेव्हा गवतातून एक वटवट्या पुढे आला. मातकट रंगाचा, शेपूट उभी धरणारा, रोज दिसतो आणि कोणाच्या लक्षात राहत नाही तसा. पुढचे पक्षी बोलत होते म्हणून तो थांबला, आणि मग म्हणाला, "वेळूत मी होतो."

आवाज तोच होता. टिटवीने तो लगेच ओळखला.

बाकीच्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यांना एक वटवट्या दिसला. मग शिंप्याने त्याला खूण पटवायला सांगितलं. वटवट्याने पहिल्या दिवसाचं गाणं म्हटलं. पण ते सगळ्यांनाच पाठ होतं. त्याने दुसऱ्या दिवसाचं म्हटलं, तेही पाठ होतं. त्याला जे जे ठाऊक होतं ते सर्व त्याने केव्हाच सगळ्यांना देऊन टाकलं होतं.

भारद्वाजाने विचारलं, की मग गाणं किती लांब असावं ते तरी सांगा.

"मला माहीत नाही," वटवट्या म्हणाला. "तुम्ही इतके व्हाल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही दोघं खरं बोलताय. ज्यांची अंडी पडली त्यांना मध्ये बसवा आणि ठरवा."

सभेत कुजबुज वाढली. ज्याने गाणं केलं त्यालाच त्याची लांबी ठाऊक नाही, हे कसं? शिंप्याच्या बाजूला तो भारद्वाजाने पढवून आणलेला वाटला. भारद्वाजाच्या बाजूला तो शिंप्याचा वाटला. मागून कोणी तरी करकोच्यांचं नाव घेतलं आणि ते दोन्ही बाजूंना एकदम पटलं.

वटवट्या टिटवीकडे वळला. "मी कोण ते कळलं तर तू गाण्याऐवजी माझ्यावर विश्वास ठेवशील, असं मी तुला म्हणालो होतो," तो म्हणाला. "आठवतं?"

सगळ्या माना टिटवीकडे वळल्या. भारद्वाजाने तिला विचारलं, "काय टिटवीबाई? हाच का तो?"

टिटवीला वाळूतली अंडी आठवली. हो म्हटलं तर खवल्याची गोष्ट पुन्हा निघेल, आणि या दोघांचं आधीच ठरलेलं होतं असं म्हणतील. तिच्या शब्दाने त्याचं भलं होणार नव्हतं, तिचं मात्र नुकसान होणार होतं. हा विचार तिने पुष्कळ केला, निदान तिला तसं वाटलं. प्रत्यक्षात उत्तर द्यायला तिला फारसा वेळ लागला नाही.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

वटवट्याने मान हलवली. तो तिच्यावर रागावलेला दिसला नाही. मग पहिली चोच कोणाची लागली ते समजलं नाही. शिंप्याचे आणि भारद्वाजाचे पक्षी एका गर्दीत मिसळले, एकमेकांना वाट करून देत, एकमेकांना हाका मारत त्याच्या मागे लागले. खालच्या लव्हाळ्यापर्यंत त्यांनी त्याला हाणत नेलं. परत येताना त्यांच्यात इतकं मोकळं बोलणं चाललं होतं की आता फूट पडणार नाही असं एखाद्याला वाटावं. पण सूर्य उतरू लागला तसे भारद्वाजाचे पक्षी नदी ओलांडून गेले.

पहाट झाली. नदीच्या दोन्ही काठांवर दोन गाणी सुरू झाली, एक थोडक्यात आटपणारं, एक पुढे लांबणारं. मधल्या वाळूत टिटवी अंड्यांवर बसली होती. दोन्हीकडच्या ओळी एकमेकींत अडकत होत्या आणि तिला कोणाचंच नीट उमजत नव्हतं. मग एका ओळीवर दोन्ही काठ एका सुरात आले.

"काल एक खोटा आला, आपण ओळखला, आपण हाकलला, सर्वांनी ऐकलं."

झाडामागून झाड ती ओळ म्हणत गेलं. गायलेली ओळ आता कधी गळणार नव्हती. ती टिटवीपाशी आली. दोन्ही काठांवरून तिच्याकडे बघत होते. टिटवीने चोच उघडली आणि ओळ म्हटली.

तिच्यापुढे झाड नव्हतं, नुसती वाळू आणि वाळूच्या खालच्या अंगाला लव्हाळं. ती थांबली. मग त्या लव्हाळ्यातून एक बारीक आवाज आला, दमलेला, मध्येच तुटणारा. आपल्यापर्यंत पोचलेली ओळ त्याने पहिल्या शब्दापासून घेतली आणि एकही शब्द न गाळता पुढे म्हटली.