बाहेर उभे राहण्याचे कारण

बाजारपेठेच्या एका गावात डॉ. सबनीस नावाचे वृद्ध दंतवैद्य होते. चाळीस वर्षे त्यांनी एकाच दवाखान्यात गावाचे दात सांभाळले होते. त्यांच्या हाताखाली शिकायला वृंदा नावाची तरुण डॉक्टर आली. बुद्धीने तल्लख, हाताने सफाईदार. आणि समोरच्याला निरुत्तर करण्यात तिला विशेष समाधान वाटे.

एके सकाळी सिंधूबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. बाजारात त्यांचे मिरची कांडप होते. सून स्नेहल सहा महिन्यांची गरोदर होती. तिचा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता आणि चार दिवस पोटात धड अन्न नव्हते. वृंदाने तपासले. शेजारशेजारच्या दोन दाढा दुखत होत्या. पू नेमका कोणत्या दाढेच्या मुळाशी आहे, हे एक्स-रे काढल्याशिवाय कळणार नव्हते.

"एक्स-रे नको," सिंधूबाई म्हणाल्या. "पोटातल्या लेकराला किरणं लागत्यात. नुसतं औषध द्या."

वृंदाने समजावून सांगितले. किरण दाढेवर रोखलेले असतात, पोटापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही, ते अंगात साठूनही राहत नाहीत. उलट सूज गळ्याकडे उतरली, तर आई आणि बाळ दोघांनाही त्रास.

सिंधूबाईंनी सगळे ऐकले आणि विचारले, "एवढं बिनधोक हाय, तर फोटो काढताना तुम्ही खोलीबाहेर का जाता?"

"आज मी जात नाही," वृंदा तत्काळ म्हणाली. "स्नेहलचा हात धरून आतच उभी राहते. मग तर झालं?"

सिंधूबाईंचा चेहरा निवळला. त्यांनी सुनेला खुर्चीवर बसवले. आपण जिंकलो, या भावनेने वृंदाने दाराकडे पाहिले. तिथे बाहेर डॉ. सबनीस एक्स-रेच्या बटणाशी उभे होते.

"वृंदा, बाहेर ये."

"सर, एकच तर फोटो आहे."

"तू आत असेपर्यंत मी बटण दाबणार नाही."

सिंधूबाई लगेच उठल्या. "म्हंजे धोका हाय. चल गं."

वृंदाचे कान तापले. महत्प्रयासाने जुळवून आणलेले सरांनी एका वाक्यात, तेही पेशंटसमोर, मोडले होते. ती बाहेर आली खरी, पण तिने मान वर केली नाही.

डॉ. सबनीस स्टूल ओढून सिंधूबाईंसमोर बसले. "बाई, तुमचा प्रश्न रास्त आहे. कांडपात तुम्ही तोंडाला फडकं बांधता ना?"

"बांधते की. दिसभर ठसका सोसायचा म्हंजे..."

"आणि गिऱ्हाईक?"

"त्येला कशाला? घटकाभर थांबतंय, दोनदा शिंकतंय, वर्साचं तिखट घेऊन जातंय." बोलता बोलता सिंधूबाई थांबल्या.

"स्नेहल आज आमचं गिऱ्हाईक आहे," डॉक्टर म्हणाले. "माती, भिंती, आकाश यांतूनही आपल्या अंगावर किरण येतच असतात. दिवसभरात येतात, त्याहून या एका छोट्या फोटोत कमी. त्यातून तिची दुखरी दाढ सापडेल. आम्ही मात्र रोज वीस-पंचवीस फोटो काढतो, वर्षानुवर्षं. आत थांबून आम्हाला फायदा कसलाच नाही. म्हणून बाहेर उभं राहतो."

सिंधूबाईंनी मान डोलावली. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "बस गं."

फोटो निघाला. वृंदाला जिचा संशय होता ती दाढ निर्दोष होती. पू शेजारच्या दाढेच्या मुळाशी होता. वृंदाने ती दाढ उघडून पू काढला आणि संध्याकाळी स्नेहल चार दिवसांनी पोटभर पेज प्याली.

दवाखाना बंद करताना वृंदाने विचारले, "सर, त्या तयार झाल्या होत्या. मला का थांबवलंत?"

"त्या तुझ्या धाडसाकडे पाहून तयार झाल्या होत्या. उद्या दुसरा डॉक्टर बाहेर गेला, की त्यांना वाटलं असतं, ती पोरगी थांबली आणि हा पळाला. आणि आज एकीसाठी आत राहिलीस, तर उद्या प्रत्येकीसाठी राहावं लागेल. मग आपणच निष्कारण किरण घेत बसू. आपलं शास्त्र खरं आहे, वृंदा. त्याला खोट्या धिटाईचा टेकू लागत नाही. अभिमान धरायचा तर याचा धर."

आठ दिवसांनी स्नेहलला तपासणीसाठी बोलावले होते. वृंदा पुढच्या पेशंटला हाक मारायला दाराशी आली, तर बाकावरचा एक गृहस्थ सिंधूबाईंना हळूच विचारत होता, "ह्या डॉक्टरीणबाई फोटोच्या वेळी बाहेर पळतात म्हणे?"

"पळत न्हाईत," सिंधूबाई ताठ बसत म्हणाल्या. "बाहेर जात्यात. का जात्यात ते मी सांगते, नीट ऐका."

वृंदाचा ऊर भरून आला. हाक न मारता ती दाराशीच उभी राहिली आणि सिंधूबाईंचे सांगून पुरे होईपर्यंत थांबली.