उंबऱ्याबाहेरची गाडी

घरात जुळी नातवंडं आली आणि धोंडूनानांना दिवाळीत घेतलेली छोटी गाडी पुरेना. ती देऊन मोठी घ्यायला नाना शोरूममध्ये गेले. मॅनेजर कर्पेसाहेबांनी नाक मुरडलं.

"नाना, गाडीनं शोरूमचा उंबरा ओलांडला की ती जुनी. लाख रुपये तिथंच कमी!"

"असं होय," नाना सावकाश म्हणाले. "बरं, ती लाल मोठी गाडी जरा उन्हात काढता? रंग बघतो."

साहेबांनी हौसेनं गाडी बाहेर काढायला लावली. नाना तिच्याभोवती निवांत फिरले.

"रंग झकास! आता हिनंपण उंबरा ओलांडला. लाख कमी करा."

साहेब ओरडले, "अरे, गाडी आत घ्या!"

"घ्या की. आत गेल्यावर पुन्हा कोरी होत असेल, तर माझीपण घ्या आत!"

साहेबांनी नानांच्या गाडीच्या किमतीत तो कापलेला लाख परत धरला.