वेलची जोडविहीर

हिवरखिंडीत पाहुणा आला की सोपानकाका गुरव त्याला देवळाच्याही आधी जोडविहिरीवर नेतात. दोन गोल विहिरी एकमेकींत शिरलेल्या, मधला कातळ खालपर्यंत फुटलेला आणि पाणी एकच. ‘कुणी ठरवून अशी बांधलेली नाही,’ काका सांगतात. ‘ही मत्सरानं झाली.’

इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट. तिमण्णा आणि दुर्गाप्पा हे वडार भाऊ विहीर खोदायला या गावी आले, असे सांगतात. धाकट्या दुर्गाप्पाला घण धरायला तिमण्णानेच शिकवले होते. पण इथे येताच तिमण्णा तापाने अंथरुणाला खिळला. दुर्गाप्पाने काम एकट्याच्या अंगावर घेतले, आणि गावाने आशा सोडली होती तिथेच पाणी लागले.

त्याच सुमारास जमीन मोजणारा एक साहेब घोड्यावरून आला. त्याने विहिरीत वाकून पाहिले, ‘वेल’ एवढेच म्हणाला आणि पुढे निघून गेला. मागून त्याचा खानसामा चालला होता. लोकांनी त्याला अर्थ विचारला. ‘वेल म्हणजे छान, उत्तम,’ तो म्हणाला.

झाले. तो शब्द गावाच्या तोंडी बसला. भाकरी टम्म फुगली की वेल. बाळंतीण सुखरूप सुटली की वेल. तापातून उठलेल्या तिमण्णालाही लोक विचारू लागले, ‘काय, वेल ना?’ आणि धाकट्याचे तर नावच पडले वेलवाला दुर्गाप्पा.

तिमण्णाला तो शब्द खड्यासारखा टोचे. त्याने खोदलेल्या विहिरींवर गावेच्या गावे पाणी पीत होती, पण त्यांच्याकडे पाहून कुणा साहेबाने तोंड उघडले नव्हते. भाऊ जेवायला हाक मारी, हा पाठ फिरवून बसे. पुढे त्याने बोलणेच टाकले आणि भावाच्या विहिरीला खेटून स्वतःची विहीर खणायला घेतली. झरा आपल्याकडे ओढायचा आणि ती कोरडी पाडायची, एवढेच त्याच्या डोक्यात होते.

‘अण्णा, मधला कातळ पातळ आहे. जरा सरकून खण,’ दुर्गाप्पाने काठावरून सांगून पाहिले. पाणी जाईल म्हणून हा घाबरला, असे तिमण्णाला वाटले. त्याने घण नेमका त्याच बाजूला घातला.

कातळ फुटला. भरल्या विहिरीचे पाणी धडधडत त्याच्या खड्ड्यात घुसले. पाय दगडाखाली अडकलेला, आणि पाणी छातीवरून गळ्याला येऊन भिडले. दुर्गाप्पाने वरून उडी घेतली. दगड बाजूला सारताना त्याचा उजवा पंजा चिरडला, पण भाऊ सुटला. गावकऱ्यांनी दोर टाकून दोघांना वर ओढले.

धापा टाकतच दुर्गाप्पाने विचारले, ‘अण्णा, वेल?’

तिमण्णाला रडू कोसळले. ‘त्या शब्दापायीच हे केलं रे. साहेब तुझ्या कामाला उत्तम म्हणाला, ते मला सोसवलं नाही.’

‘उत्तम कुठं म्हणाला? त्यांच्या भाषेत विहिरीलाही वेलच म्हणतात. विहीर दिसली, तो विहीर म्हणाला. खानसाम्यानंच मला मागाहून सांगितलं.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘तू बोलत कुठं होतास, अण्णा?’

दुर्गाप्पाच्या हाताने पुन्हा घण उचलला नाही. तिमण्णाने मात्र मधली भिंत कुणाला बांधू दिली नाही. दोघे इथेच राहिले. रोज सकाळी तो भावाला पलीकडच्या काठावर बसवी, अलीकडून ‘वेल?’ म्हणून विचारी आणि त्याचे उत्तर आल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे, म्हणे.

आजही गावात सख्ख्या भावांनी, जावांनी किंवा शेजाऱ्यांनी अबोला धरला की त्यांना या विहिरीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे करतात. एकाने विचारायचे, ‘वेल?’ पलीकडून उत्तर येईपर्यंत कुणीही पोहरा सोडायचा नाही. कधी कधी फार वेळ जातो. ऊन चढते, रिकाम्या घागरी काठावर तापत राहतात, आणि अख्खे गाव तहानलेले थांबते.