दुसरा कौल

एकदा एका माळरानावर मेंढपाळांचा एक वाडा होता. वाडा म्हणजे घर नव्हे. एकत्र फिरणारी चार कुटुंबे आणि त्यांची मेंढरे. पावसाळाभर हे लोक आपल्या माळावर, आपल्या देवाच्या सावलीत विसावा घेत. पायांच्या भेगा भरून येत, मेंढरांच्या अंगावर मांस चढे. दसरा झाला, गवत सरले, की देवाला कौल लावायचा आणि वाटेला लागायचे. पुढे चारा कुठे मिळेल, कोण लेंडीखतासाठी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेईल, कोण काठी घेऊन अंगावर येईल, हे कोणालाच ठाऊक नसे.

वाड्याचा कारभारी आता म्हातारा झाला होता. सगळे त्याला आबा म्हणत. गुडघे गेले तेव्हा त्याने कारभार आपल्या शिष्याकडे, म्हाकूकडे सोपवला. म्हाकू त्याच्याच हाताखाली तयार झालेला, कष्टाळू माणूस. पण आदल्या वर्षी वाटेत अवकाळी पाऊस झाला, गारठ्याने कोकरे मेली, आणि त्याच्या मनात जी भीती शिरली ती काही बाहेर निघेना.

दसऱ्यानंतर त्याने कौल लावला. झेंडूच्या दोन ओल्या पाकळ्या, एक देवाच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर निघा, डावी पडली तर थांबा. उजवी पडली. विषय संपायला हवा होता की नाही? पण म्हाकू म्हणाला, वारा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर डावी पडली. मग उजवी. तेव्हा म्हणे पाकळी नीट भिजली नव्हती. रोज सकाळी हा माणूस अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून देवापुढे हजर, आणि लोक म्हणायचे, काय भक्ती आहे बघा.

भक्ती कसली? मेंढरे तिकडे वाळकी मुळे उकरून खात होती.

एका सकाळी त्याची बायको ठकूबाई देवळाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. "अवं कारभारी, आज काय म्हणतोय देव? का दमला बिचारा?"

"गप बस. माझा देवावर भरवसा हाय, म्हणून तर इचारतोय."

"आस्सं. मग मीबी रोज माणूस धाडून इचारीन, माझा नवरा कुठं बसलाय. माझाबी लई भरवसा हाय तुमच्यावर."

पुजारी तोंडावर उपरणे धरून हसला. म्हाकूने तिकडे लक्ष दिले नाही. त्याने पाकळ्या भिजवल्या, देवाला लावल्या आणि हात जोडून बसला.

तेवढ्यात आबा आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एका मेंढीचा कान. सगळ्यांत रोडावलेली मेंढी निवडून आणली होती त्याने. तिला ओढत तो थेट देवापुढे घेऊन गेला आणि कान सोडला. मेंढीने मान पुढे केली, आधी डावी पाकळी खाल्ली, मग उजवी खाल्ली, आणि आणखी कुठे काही आहे का म्हणून देवाला चाटू लागली.

पुजारी ओरडला, "आबा, अहो देवाला तोंड लावलं तिनं."

"लावू दे. तिच्याच लोकरीच्या घोंगड्यावर बसलाय त्यो."

म्हाकू गोंधळून उभा राहिला. "आबा, हे काय केलंसा? आता कौल कुठला धरायचा?"

"बैस खाली," आबा म्हणाला. "पावसाळाभर हितं बसून खाल्लंस. तवा लावलास कौल? देवा, उद्या गवत उगवंल का, असं एकदा तरी इचारलंस? घोंगडं पसरून घोरत हुतास. गवत उगवत हुतं, ते कसं, तुला पत्ताबी नव्हता. तवा देव खरा. आन आता पाय उचलायची येळ आली, तर त्याच देवाला रोज उभा करून जबानी घेतोस. विसावा त्याचा, आन वाट काय दुसऱ्या कुणाची हाय?"

म्हाकूने मान खाली घातली. मग म्हणाला, "आबा, कोकरं माझ्या हातात मेली. पुन्हा मेली तर?"

"मरतील. मरणार न्हाईत असं मी म्हणंन, असं वाटलं व्हय? तसला शब्द देवानं कुणालाच दिल्याला न्हाई. माझीबी मेली, माझ्या बापाचीबी मेली. त्यो संगं येतो म्हणाला, एवढंच. पर हितं बसून तर सगळीच मरतील, आन ती तुझ्या भ्याडपणानं. एकदा इचारलं त्याला कौल म्हणत्यात. होकार मिळाल्यावर दुसऱ्यांदा इचारलं, त्यो कौल नव्हं. ते न जायाचं निमित्त."

म्हाकूने मेंढीला जवळ ओढले. तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला. लोकरीखाली हाडे हाताला लागत होती. इतके दिवस त्याने देवाचे अंग निरखले होते, मेंढरांच्या अंगाला हात लावला नव्हता.

तो बाहेर आला. ठकूबाई अजून पायरीवरच होती.

"बिऱ्हाड घोड्यावर घाल," तो म्हणाला.

"कुठं जायाचं?"

"ठावं न्हाई."

तिने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि भांडी आवरायला गेली. उन्हे चढायच्या आत म्हाकूने काट्याचे कुंपण बाजूला केले. मेंढरांना हाक मारावी लागली नाही.

ही गोष्ट सांगितली, की लोक हमखास विचारतात, मग त्या वर्षी कोकरे जगली का? काय म्हणावे या लोकांना. गोष्टसुद्धा त्यांना आधी हमी घेऊनच ऐकायची असते.