गुणाजी कुत्रं पाळतो

एका गावात एक भोळा माणूस होता, गुणाजी नावाचा. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा. खोट एवढीच की ज्यासाठी सांगितलं असेल त्यासाठी करायचा नाही.

घरात तो, त्याची बायको गोजरा आणि दोन शेळ्या. एकदा भरदुपारी गोजरा ओढ्यावर धुणं घेऊन गेली. परत येऊन बघते तर दारात शेळी एकच.

"दुसरी कुठाय?"

"एक माणूस घेऊन गेला."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"तूच म्हणालीस ना, शेळ्यांवर नजर ठेवा. ठेवली की. पार ओढ्याच्या वळणापर्यंत ठेवली. पुढे दिसेना."

गोजरा मटकन उंबऱ्यावर बसली. उरली होती ती चांदी. तिने माहेरून आणलेली, पांढरीशुभ्र, आणि आता गाभण. चांदीच्या पाठीवर हात फिरवत ती म्हणाली, "हे बघा, राखणीला एक कुत्रं आणा. चांदी गेली त्या दिवशी मीही गेले म्हणून समजा. दादाकडे जाईन ती परत यायची नाही."

गोजरावाचून गुणाजीला चूल पेटवता येत नव्हती. पेटवता आली असती तरी करमलं नसतं.

शेजारच्या गावात मल्हारनाना राहायचे. जन्मभर पोलिसांच्या कुत्र्यांना शिकवून आता घरी बसले होते. कुणी कुत्र्याची गोष्ट काढली की त्यांचा चेहरा फुलायचा. गुणाजी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"नाना, कुत्रं कसं निवडायचं?"

"हे आधी विचारलंस, बरं केलंस," नाना म्हणाले. "लोक रंग बघतात आणि मग रडत बसतात. पिल्लांमध्ये जाऊन नुसतं बसायचं. अंगावर उड्या मारतं ते घेऊ नकोस. कोपऱ्यात दडतं ते घेऊ नकोस. जे हळू येतं, हुंगतं आणि गप्प पायाशी बसतं, ते आपलं. ते खुशाल घरी न्यावं."

माळावर बिरा धनगराचा तळ पडला होता. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. बिरा म्हणाला, "जा, हवं ते उचल." गुणाजी जाऊन बसला. एकाने अंगावर उडी मारली. एक घोंगडीखाली दडलं. मग एक हळू आलं, त्याने हुंगलं आणि ते गप्प पायाशी बसलं. गुणाजीने ते खांद्यावर टाकलं आणि घर गाठलं.

"हे काय आणलंत?" गोजराने विचारलं.

"कुत्रं."

"अहो, हे कोकरू आहे!"

"अजून लहान आहे. मोठं झालं की भुंकेल."

तेवढ्यात बिरा काठी घेऊन कोकराच्या मागावर आला. गुणाजीने सगळी हकिकत सांगितल्यावर त्याला काठी खाली टाकून हसावं लागलं. त्याने स्वतःच एक अर्धवट वाढलेलं, काळ्या तोंडाचं पिल्लू निवडून दिलं. त्याचं नाव पडलं काजळ्या. कुत्रं झकास होतं. परका दिसला की भुंकायचं आणि "पुरे" म्हटलं की गप्प व्हायचं. त्याला काही कमी नव्हतं. शिकवायचं राहिलं होतं ते गुणाजीला.

"नाना, घरी गेलं की काजळ्या अंगावर उड्या मारतो."

"मारू दे. तू पाठ फिरव. बोलायचं नाही, बघायचं नाही. चारी पाय जमिनीला टेकले की मग कानामागे खाजव आणि 'शाब्बास' म्हण."

गुणाजी हे घोकत घरी आला. काजळ्या झोपला होता. दारात गोजराचा दादा उभा होता, सदोबा. बहिणीची शेळी गेल्याचं कळून बिचारा लांबून आला होता. "कसं काय दाजी!" म्हणत त्याने गुणाजीला मिठी मारली.

गुणाजीने पाठ फिरवली. सदोबा पुढून आला, गुणाजी पुन्हा वळला. सदोबा म्हणाला, "काय चुकलं का आमचं?" गुणाजी बोलला नाही. सदोबा अंगणभर त्याच्याभोवती फिरला. शेवटी दमला, खाली बसला आणि धापा टाकत त्याने दोन्ही हात जमिनीला टेकले. लगेच गुणाजी वळला, त्याने मेहुण्याच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "शाब्बास!"

सदोबा पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

"अरे, घरी आलेल्या पाहुण्याला पाठ दाखवतात का?" हकिकत ऐकून नाना ओरडले. "पाहुण्याला सामोरं जावं. 'राम राम' म्हणावं. आधी पाणी द्यावं, मग पोटभर जेवू घालावं. जाताना रिकाम्या हाताने पाठवू नये आणि 'पुन्हा या' म्हणायला विसरू नये."

"चुकलं, नाना. पुढच्या वेळी तसंच करतो."

"आणि काजळ्याचं कसं काय?"

"झकास. गोजराची वहाण तोंडात धरली होती. मी ओढली. अर्धी माझ्याकडे आली."

"ओढू नये," नाना म्हणाले. "ओढलं की तो जास्तच घट्ट धरतो. त्याहून चांगलं काहीतरी पुढे करावं. हातातलं बघून तोंडातलं तो आपसूक सोडतो. आणि त्याच्याकडे लक्ष ठेव रे. मुकं जनावर सांगत नाही. खाणं सोडलं, कोपरा धरला, नाक कोरडं पडलं, की उशीर करायचा नाही. सरळ गुरांच्या डॉक्टरला बोलवायचं."

गुणाजी घरी आला. काजळ्या अंगणात शेपटी हलवत होता. गोजरा मात्र चुलीमागे भिंतीकडे तोंड करून बसली होती. भाऊ उपाशी गेला म्हणून ती जेवली नव्हती.

"जेवतेस का?"

तिने हातानेच नको म्हटलं. गुणाजीने हळूच वाकून तिच्या नाकाला बोट लावलं. कोरडं ठणठणीत!

तो अनवाणी धावला. गुरांचे डॉक्टर भली मोठी सुई घेऊन फटफटीवरून आले.

"कुठाय जनावर?"

"ती काय, चुलीमागे. सकाळपासून हूं नाही की चूं नाही. डॉक्टर, वाचेल ना हो?"

गोजरा फुंकणी घेऊन उठली. डॉक्टर फी न मागता गेले. वळून बघितलंही नाही त्यांनी. गुणाजीच्या डोळ्यांत मात्र खरंच पाणी आलं होतं. ते बघून गोजराने फुंकणी खाली ठेवली.

"मी नाही मरत. पण चांदी सांभाळा. तेवढं एक नीट करा."

मग आला बाजारचा दिवस. निघताना गोजराने तीन-तीनदा बजावलं, "मी येईपर्यंत चांदी इथेच दिसली पाहिजे. इथेच!"

"दिसेल," गुणाजी म्हणाला. त्याने मनाशी नानांच्या सांगण्याची उजळणी केली. काही राहायला नको होतं.

दुपारी काजळ्या जीव तोडून भुंकू लागला. गुणाजी बाहेर आला. एक माणूस चांदीचं दावं खुंटीवरून सोडत होता. गुणाजीने निरखून बघितलं. मागची शेळी नेणाराच तो! म्हणजे परका नव्हे. दुसऱ्यांदा घरी आलेला माणूस, म्हणजे पाहुणाच.

"पुरे!" गुणाजी म्हणाला. काजळ्या गप्प झाला. "राम राम पाव्हणं! बसा. पाणी आणतो."

चोर पळायच्या बेतात होता. त्याने मागे बघितलं, पुढे बघितलं आणि बसला. गुणाजीने पाणी दिलं, भाकरी दिली, पिठलं वाढलं, वर कांदा फोडून दिला. चोर एका हाताने जेवत होता. दुसऱ्या हातात चांदीचं दावं होतं.

"ते सोडा की आता."

"असू द्या, असू द्या," चोर म्हणाला.

गुणाजीने दावं जरा ओढलं. चोराने ते घट्ट धरलं. गुणाजी मनात म्हणाला, 'नाना काय माणूस आहे! अगदी तस्संच.' त्याने ओढणं सोडलं आणि गुळाचा खडा पुढे केला. चोराने गूळ खाल्ला, दावं सोडलं नाही. नवी घोंगडी पुढे केली. चोराने ती खांद्यावर टाकली, दावं सोडलं नाही. चांदी गेली की गोजरा गेली. आता चांदीहून चांगलं घरात उरलं होतं तरी काय?

त्याने काजळ्याची दोरी पुढे केली.

चोराने काजळ्याकडे बघितलं. अस्सल धनगरी कुत्रं, वर सांगितलं की गप्प बसणारं. त्याने चांदीचं दावं खाली टाकलं.

"शाब्बास!" म्हणत गुणाजीने चोराच्या कानामागे खाजवलं.

संध्याकाळी गोजरा आली. चांदी जागेवर होती, रवंथ करत होती. तिचा चेहरा उजळला. "आज तरी नीट राखलीत हो! आणि काजळ्या कुठाय?"

गुणाजीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, लपवावं असं त्याला त्यात दिसलंच नाही.

गोजराने चांदीचं दावं सोडलं, मनगटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "मी निघाले दादाकडे."

गुणाजीचा हात दाव्याकडे गेला, पण त्याने तो मागे घेतला. ओढायचं नाही! काहीतरी चांगलं पुढे करायचं. त्याने घरात बघितलं. गूळ संपला होता, घोंगडी गेली होती, कुत्रं गेलं होतं. मग तो हळू हळू तिच्याजवळ आला, तिच्या पदराचा वास घेतला आणि गप्प तिच्या पायाशी बसला.

"हे आता काय?"

"नाना म्हणाले, असं करतं ते आपलं. ते घरी न्यावं. तर मलाही ने."

गोजराने रागावायचं ठरवलं होतं, पण तिला हसू फुटलं. हसता हसता ती खालीच बसली. चांदीला पुन्हा खुंटीला बांधून म्हणाली, "उठा. उद्या बिराकडे जाऊन दुसरं कुत्रं मागू. पण तोवर तो मेला परत आला म्हणजे?"

"येणारच," गुणाजी अभिमानाने म्हणाला. "काजळ्याला दहा हाका मारल्या तर एकदा यायचा. ह्याला मी एकदाच म्हटलं, 'पुन्हा या', तर म्हणतो कसा, 'उद्याच येतो!'"